नवसाचे दात

आमच्या बाथरूमच्या फळीवर दोन डब्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एक गुलाबी प्लास्टिकची, दवाखान्यातून मिळालेली. दुसरी स्टीलची, चपटी. पूर्वी तिच्यात सुपारी असायची. गुलाबी डबीत माझा रिटेनर आणि स्टीलच्या डबीत सासूबाईंची कवळी. मागे एक पाहुणी साबण शोधायला गेली आणि तिनं ओळीनं दोन्ही डब्या उघडल्या. ती अंघोळ न करताच बाहेर आली.

रिटेनर म्हणजे काय, हे ज्यांचे दात जन्मापासून रांगेत उभे आहेत त्यांना सांगावं लागेल. दात सरळ करायला लावलेल्या तारा एकदा काढल्या की दातांना सुट्टी लागल्यासारखं वाटतं. शाळा सुटल्यावर पोरं जशी आपापल्या गल्लीत पळतात, तसे ते आपल्या जुन्या जागी पळायला बघतात. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ साचा चढवून ठेवायचा. पहिले सहा महिने दिवसरात्र, फक्त जेवताना काढायचा. नंतर झोपताना. किती वर्षं, ते मी विचारलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या निम्म्या. त्या गोड हसून म्हणाल्या, "जोवर दात सरळ हवेत, तोवर."

तारा लावल्या तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. पुढच्या दातांमागे अन्न अडकून हिरडी सुजायची, म्हणून लावल्या. निदान सगळ्यांना मी तसंच सांगितलं. निमित्त हिरडीचं होतं, लोभ हसण्याचा. माझे पुढचे दात असे होते की कुणाच्या घरी गेले तर आधी ते आत शिरायचे आणि मागून मी. ओठ म्हणून मिटायचे नाहीत. लग्नाच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत माझा उजवा हात तोंडावर आहे. एका फोटोत तर मी भटजींना काहीतरी गुपित सांगतेय असं वाटतं.

बोलायला मात्र मी कधी लाजले नाही. वाडीला अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी बुकिंग सांभाळते. दिवसभर फोनवर ड्रायव्हरांशी गाठ. माझा आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकाला फोनशिवाय पोचतो. नकला करते, किस्से सांगते, एकाचे तीन करून सांगते. फोनवर दात दिसत नाहीत, हे त्या नोकरीचं मोठं सुख होतं. समोर माणूस आला की हात आपोआप वर.

तारा लागल्या त्या पहिल्या आठवड्यात मला पेजेशिवाय काही गिळवेना. ती पेज करून द्यायच्या सासूबाई. त्या कुहीकडच्या. सगळा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात रोवणी करण्यात गेला; आता सत्तरी ओलांडल्यावर आमच्याकडे राहतात. माझे हाल बघून त्यांनी गावच्या शेतातल्या देवीला, म्हणजे बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला, इथूनच हात जोडले आणि नवस बोलून टाकला. सुनेच्या तोंडातलं हे तारेचं कुंपण सुखरूप निघू दे, दात जागी बसू दे, तुझ्या बांधावर येऊन रोडगे करीन.

मी हसले. हसताना तार टोचली.

"आई, दातांसाठी कोणी नवस करतं का?"

"काहून? लोकं पोट्टीच्या लग्नासाठी करतेत, म्हशीच्या वेतासाठी करतेत. तुहे दात काय म्हशीहून गेले?"

दोन वर्षांनी कुंपण निघालं आणि रिटेनर आला. पहिल्याच दिवशी गोदामात फोन उचलला. "हॅलो" म्हणेपर्यंत तोंडात पाणीच पाणी, आणि जीभ नव्या भाडेकरूसारखी, कुठे काय ठेवायचं ते तिला कळेना.

पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तोंडात जिलबी धरून बोलून राहिल्या का?"

"नाही हो, दातांवर साचा बसवलाय."

"काही हरकत नाही. जिलबी खाऊन घ्या, मंग बोला. मी ढाब्यावर थांबून राहिलो."

ट्रकवाल्यांची बातमी ट्रकच्या पुढे धावते. दोन दिवसांत अमरावतीपासून रायपूरपर्यंतचे सगळे मला विचारायला लागले, "मॅडम, जिलबी संपली का?"

घरी येऊन मी पिशवी फेकली. सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. कवळी लागून त्यांना तीन वर्षं झाली होती, म्हणजे या खात्यात त्या माझ्या वरिष्ठ. त्यांनी माळ बाजूला ठेवली.

"मलेबी असंच झालं होतं, वं. इलाज सांगू? भांड."

"कोणाशी?"

"माह्याशी. भांडताना माणूस जिभेचा इचार नाही करत. जीभ आपली वाट आपणच पायते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की आम्ही दोघी समोरासमोर भांडायला बसायचो. पहिल्या दिवशी मी फार अदबीनं सुरुवात केली. त्या वैतागल्या. "हे भांडण होय का हळदीकुंकू? जोर लाव!" मग मी त्यांच्या वांग्याच्या भाजीवर घसरले. त्या माझ्या माहेरावर आल्या. मी त्यांच्या सुपारीचं काढलं, त्यांनी पहिल्या दिवाळीला माझ्या माहेरून आलेल्या करपलेल्या अनारशांचं काढलं. पंचवीस वर्षांत जे एकमेकींना बोललो नव्हतो ते सगळं उच्चाराच्या निमित्तानं बोलून झालं. एकदा आमचे हे कामावरून आले ते दारातच थिजले, एक बूट पायात, एक हातात.

"काय झालं? कोणी मले सांगन का?"

"तू आत जाय, गा," सासूबाई म्हणाल्या. "आमचा अभ्यास चालू आहे."

दहा दिवसांत माझी जीभ रुळली. ड्रायव्हर हळहळले.

पण माझा स्वभाव मुळात नियमाचा नाही. जेवताना रिटेनर काढायचा, थंड पाण्यानं धुवायचा, डबीत ठेवायचा, हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा सांगितलं होतं. एका आठवड्यात गोदामासमोर ट्रकांची रांग हटेना. डबा उघडायलाच वेळ नाही, तिथे मोरीपर्यंत कोण जातो? मी रिटेनर न काढताच जेवले. एक दिवस नाही, सहा दिवस. आणि डब्यात रोज वरण-भात. आमच्याकडे वरणात हळद हात सैल सोडून पडते. शनिवारी आरशात बघितलं तर साचा पिवळाधमक, माझे दात हळद लागलेल्या नवरीसारखे उजळलेले. ब्रशनं घासला, पेस्टनं घासला. हळद हलेना.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवस फेडायला आम्हाला कुहीला जायचं होतं.

धान निघून गेलेलं, बांधावर तूर उभी, सकाळचं ऊन कोवळं. भाऊबंद मिळून चाळीसेक माणसं जमली होती. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फडक्यात धरून बुक्कीनं फोडायचे आणि वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. एकीकडे पुरुष कणीक मळत होते, एकीकडे बायका वांगी चिरत होत्या. भाजी सासूबाईंच्या हातची; तिचं मीठ चाखायला मला बोलावलं. आता मात्र मी शहाण्यासारखा रिटेनर काढला, गुलाबी डबीत ठेवला आणि डबी सासूबाईंच्या हाती दिली.

अर्ध्या तासानं त्या चुलीकडून आल्या. हातात पदरानं धरलेला स्टीलचा ग्लास, त्यातून वाफा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू नातू झालाय.

"पाय वं! चकाचक करून आणला. उकळत्या पाण्यात टाकला, लिंबू पिळलं, वरून चिमूटभर राख."

त्यांनी पाणी ओतून दिलं आणि ती वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. माझ्या दातांचा तो नाजूक साचा भाजलेल्या पापडासारखा आक्रसून, मुरगळून, स्वतःत घुसून बसला होता. हळद मात्र तशीच होती.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला पूर्ण ठाऊक होतं की काही मोठं बिघडलेलं नाही. रिटेनर दिला त्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या दातांचा ठसा माझ्या कपाटात आहे. हरवला, मोडला तर नवीन करून देईन." पण समोर चाळीस माणसं, मध्ये जाळ, वर मोकळं आभाळ. अशी जागा मला जन्मात मिळाली नव्हती. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात वर केले.

"गेले! माझे दात गेले!"

बांधाच्या टोकाला रोडगे उलटवणारे चुलत सासरे हातातली काडी घेऊन धावत आले. "कोन गेलं? कोन गेलं, वं?"

"दात गेले, काकाजी!"

त्यांनी वाकून माझ्या तोंडात पाहिलं. "हायेत तं सगळे. मोजून देऊ का?"

लोक हसले. हसले म्हणून मी आणखी चढले. दोन वर्षांची तपश्चर्या कशी पाण्यात गेली, नव्हे उकळत्या पाण्यात गेली, आता एकेक दात कसा बिऱ्हाड हलवून जुन्या घरी जाईल, आणि मी आधी, दात मागून असं कुणाच्या घरात शिरायचं सुख कसं संपलं, हे मी छाती पिटून सांगितलं. मध्येच, कितपत रंगलंय ते बघायला मान वळवली.

सासूबाई हसत नव्हत्या. त्या देवीच्या दगडासमोर जाऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडातली कवळी काढली, पदराच्या टोकात बांधली आणि हात जोडले. दोन्ही गाल आत गेले. एका क्षणात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या.

"माये, माह्या हातानं सुनेचं वाटोळं झालं. तिच्या दातावर साचा बसत नाही तवलोक मीबी दात लावणार नाही."

मी उठून धावले. "आई, अहो, तसं काही नाही..." पण देवीपुढे बोलून झालेलं होतं. नवसाचा पहिला रोडगा नवस बोलणाऱ्या बाईनं खायचा असतो. तो त्यांच्या पुढ्यात आला. त्यांनी तो फडक्यात बांधला. "दात आले की खाईन," म्हणाल्या आणि वरणात बुडवलेला भात बोटांनी चिवडत बसल्या.

संध्याकाळी घरी येऊन दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई भावाच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, शुक्रवारी येणार. ठसा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लग्नात.

सोमवारी सासूबाईंनी कण्या खाल्ल्या. मंगळवारी दुधात कुस्करलेली पोळी. त्यांना दुपारी मूठभर भाजलेले शेंगदाणे लागतात. ती वाटी तशीच झाकलेली. संध्याकाळी दिवाबत्ती झाली, मी समोर जाऊन बसले, मुद्दाम म्हटलं, "तुमची वांग्याची भाजी या वेळी खारट झाली होती." त्या नुसत्या हसल्या. आणि हसताना त्यांनी पदर तोंडावर धरला.

ते मला बघवलं नाही. तो पदर मी ओळखत होते. तो हात माझा होता, चाळीस वर्षं माझ्या तोंडावर बसलेला. मी उठवला आणि तो त्यांच्याकडे राहायला गेला.

"आई," मी म्हटलं, "मला माहीत होतं. साचा नवीन मिळतो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिथे नाटक केलं."

त्यांनी पदर काढला नाही. पदराआडून म्हणाल्या, "रडली ते?"

"तेही."

"छाती पिटली ते?"

"जरा जोरातच पिटली. अजून दुखते."

त्यांनी शेंगदाण्यांची झाकलेली वाटी जरा बाजूला सारली. मग म्हणाल्या, "नाटक तं नाटक. पण माय काही तमाशा पाहाले नव्हती बसली. तिले म्या खरं बोलली. आता साचा बसेपर्यंत अशीच बसन."

"पण तुम्ही तो उकळायला गेलातच कशाला? मी सांगितलं होतं ना, थंड पाणी..."

"तू इसरली असशीन. गाडीतून उतरली, लोकं पुढे आले, अन् तुहा हात तोंडावर गेला. पिवळं दिसन म्हणून." त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं. "तारा निघाल्यापासून पयल्यांदा गेला. म्या म्हटलं, ह्या हातासाठी तं नवस बोलली मी. आज मायेच्या दारात हा वर जाऊन राहिला? म्हणून घासून आणाले गेली."

मला खरोखर आठवत नव्हतं. आपला हात कधी वर जातो हे आपल्याला कुठे कळतं? त्या मात्र पंचवीस वर्षं बघत होत्या. एक शब्द न बोलता बघत होत्या, आणि मी समजत होते की तारांचा नवस म्हणजे म्हातारपणीची हौस. त्या वेळी मी रडले ते कुणाला दाखवायला नव्हतं. त्यामुळे ते फार वाईट जमलं; नाकातून पाणी, तोंड वाकडं. सासूबाई म्हणाल्या, "हे खरं दिसते."

देवीनं माझाही हिशेब ठेवला असावा, कारण बुधवारपासून मला खरीच भीती वाटायला लागली. जीभ तासातासाला दातांवर फेरी मारायची, रात्रपाळीच्या वॉचमनसारखी. गुरुवारी तिला पुढचा एक दात किंचित वळलेला लागला. फोनवर बोलताना मी आवाज खाली आणला, तर एका ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाही का? जिलबी पाठवू?"

शुक्रवारी सकाळी सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि वाडीहून थेट जरीपटक्याला नेलं, कारण दवाखाना तिथे आहे. गर्दीच्या बाजारातून जाताना त्यांनी एका हातानं माझी कंबर धरली होती आणि दुसऱ्या हातात स्टीलची डबी. एका हातगाडीवाल्यानं वाट दिली नाही तेव्हा त्यांनी डबी माझ्या पाठीत टोचली. दात असते तर त्या त्याला बोलल्या असत्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून माझ्या दातांचा ठसा काढला, एका यंत्रात प्लास्टिकची चकती ठेवली आणि ती तापवायला लावली. चकती मऊ पडली, तशी ठशावर ओढली गेली. सासूबाई खुर्चीतून उठून यंत्राजवळ गेल्या. पदर बाजूला झाला, बोळक्या तोंडानं त्या माझ्याकडे वळल्या.

"पाय! हेबी तापवूनच करतेत! मंग म्या काय चूक केली?"

डॉक्टरीणबाईंना सगळी हकिगत माहीत नव्हती. मी सांगितली, या वेळी एकाचं एकच सांगितलं. त्या गंभीर चेहरा ठेवायला फार झटल्या. "आजी, ठशावर तापवला तर दात होतात. ग्लासात तापवला तर पापड होतो."

नवा साचा माझ्या दातांवर ठेवला. डावीकडे तो बसेना. "एक दात केसभर फिरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घट्ट वाटेल, आठवडाभर दुखेल, पण साचा त्याला परत जागेवर आणेल. दाबा." मी दाबलं. टक्.

"बसला का?" सासूबाईंनी विचारलं.

"बसला, आजी."

"आवाज आला तो बसल्याचाच ना?"

"बसल्याचाच."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, डबी उघडली आणि पाच दिवसांनी कवळी लावली. हिरड्या दुखल्या असणार, कारण खांदे जरा वर गेले. मग त्या वळल्या आणि डॉक्टरीणबाईंना, मला, बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना एकदम दात दाखवून हसल्या.

घरी आल्यावर त्यांनी आधी फडकं सोडलं. पाच दिवसांचा रोडगा दगड झाला होता. गॅसवर गरम केला, बुक्की मारली, फुटला नाही. मी मारली, माझी बोटं फुटायची वेळ आली. शेवटी खलबत्त्यानं फोडला, तूप ओतलं आणि एका ताटात दोघी बसलो. मी रिटेनर काढून गुलाबी डबीत ठेवला. त्यांनी झाकण नीट लागलं की नाही ते स्वतः दाबून बघितलं.

पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. मी वाट बघत होते.

"तुह्या माहेरच्या अनारशासारखा झाला," त्या म्हणाल्या.

"माझ्या माहेरच्या? आणि तुमची भाजी? काकाजींनी दोनदा पाणी मागितलं!"

"ते तुह्या रडण्यानं मागितलं. घसा सुकला त्याचा."

मी हसायला लागले. दोन्ही हात कोपरापर्यंत तुपात होते, एकही वर उचलण्यासारखा नव्हता, आणि सासूबाई घास चावता चावता माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या जशा एके काळी रोवणी झालेल्या बांधीकडे बघत असतील. रोडगा संपला तशी मी डबी घेऊन मोरीकडे निघाले.

"थंड पाण्यानं धूजो, वं!" त्या मागून ओरडल्या.